तात्यांची मिशी
भाऊ, दाढी होईपर्यंत एक गोष्ट सांगतो, फक्त मान हलवू नका. पेणच्या गनपतीच्या कारखान्यातले आमचे तात्या याच खुर्चीत बसले नि म्हनाले, “मिशी उतरव.” मी म्हटलं, “येवढी झुपकेदार मिशी? नि आज तर नातवाचं बारसं!” “म्हनूनच उतरव.” त्यांची सून शिल्पा निडीला माहेरी बाळंत झालेली. पोराचा वरचा ओठ फाटलेला होता. तात्यांची बायको गावभर सांगत फिरायची, “पोटुशी असून सून ग्रहनात गनपतीच्या सोंडेची माती कोरत बसली. सुरी हिनं चालवली, ओठ पोराचा कापला गेला. मी नाय जायची बारशाला.” मी वस्तरा फिरवला, तर तात्यांच्या ओठापासून नाकापर्यंत जुन्या टाक्यांचा वण. “माझापन ओठ जन्मापासून फाटका,” तात्या म्हनाले. “लग्नाआधीच मिशीखाली लपवला, बायकोला म्हाईत नाय. डॉक्टर म्हनतो, घरान्यातून येतं असं, ग्रहनाचा काय संबंध नाय.” नि तसेच घरी निघाले. मला राहवलं नाय, मीपन मागोमाग गेलो. तात्या बायकोसमोर उभे राहिले. “नातू माझ्यावर गेलाय गो. बोल लावायचा तर मला लाव.” ती त्या वणाकडं बघत राहिली. मग पदरानं त्यांच्या ओठावरचा साबन पुसला नि म्हनाली, “चला, शिल्पा वाट बघत असंल.” तर भाऊ, तुमीपन येवढं करा. कुनाचं पोर बघायला गेलात, तर त्याच्या आईला इचारू नका, पोटात असताना तू काय केलंस म्हनून.