वर्ष कुठून धरायचे

"साल एकच आहे हो, नावं चार आहेत!" लिपितज्ज्ञांनी तिसऱ्यांदा बजावले.

संग्रहालयाची अधीक्षिका फलक धरून उभी होती. दालन उद्या उघडायचे होते. "पण सर, लोक गोंधळतील. माझ्या पोराला घरात सात नावं आहेत. एकालाही ओ देत नाही तो."

लिपितज्ज्ञांना हसू आले नाही. त्यांची हयात याच वादात गेली होती. राजवाड्यातले कारकून ज्याला राजाचे सातवे वर्ष म्हणत, त्यालाच पुजारी आठवे म्हणत. कारण राजा गादीवर आला त्या वर्षाचे उरलेले महिने ते पूर्ण वर्ष धरत. व्यापारी त्या वर्षाला नगरप्रमुखाचे नाव देत. नावाडी नुसते महापुराचे वर्ष म्हणत. चारी वर्षे एकच, हे लिपितज्ज्ञांनी उकरून काढलेल्या एका शिलालेखाने सिद्ध केले. विद्वानांनी आधी नाके मुरडली, मग माना डोलावल्या.

फलकाची अखेरची ओळ त्यांनी स्वतः सांगितली होती : 'हा लेख हाती आला, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत भाग्याचे वर्ष.'

"इथे साल घालायला हवं," अधीक्षिका म्हणाली. "कोणतं घालू?"

लिपितज्ज्ञांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथ्या त्यांच्या जिभेवर असत. स्वतःची वर्षे मात्र त्यांनी पत्नीकडे सांभाळायला दिलेली. त्या खिडकीशी बाकावर बसल्या होत्या.

"अगं, शिलालेख सापडला ते साल कोणतं गं?"

"आपली धाकटी तापानं गेली ते."

"छे, छे! शिलालेख आधी. ती गेली तेव्हा नवं वर्ष लागलं होतं. दोन निरनिराळी सालं आहेत ती." चूक दिसली की दुरुस्त करायची, ही जन्माची खोड; वाक्य तोंडातून निघून गेल्यावर त्यांनी ते ऐकले.

"तुमच्या हिशेबानं असतील," पत्नी म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "ताप भरला त्याच दिवशी मी माणूस धाडला. तुमचा उलट निरोप आला, दगड नुकताच वर आलाय, ठसे घेतो आणि निघतो. माझं वर्ष तिथून सुरू होतं."

अधीक्षिकेने मान खाली घातली. त्या दोन सालांमधली भिंत लिपितज्ज्ञांनी किती जपून उभी ठेवली होती! अलीकडे दगड, पलीकडे पोर.

"ती ओळ काढून टाका," ते कसेबसे म्हणाले.

"राहू द्या हो," पत्नी म्हणाल्या. "तुमच्या प्रत्येक भाषणात असते ती. पहिल्या रांगेत बसून दर वेळी टाळ्या वाजवल्यात मी."