मठातली पंगत

पगारापासून सुरुवात करावी म्हणून गुरुनाथरावांनी तोंड उघडलं, तोच मठाची घंटा वाजली. लेकीनं, चैत्रालीनं, ओठांवर बोट ठेवलं. आता जेवण संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही.

चांगलीच पंचाईत झाली! लेकीनं पसंत केलेला हा आयरिश मुलगा, डेक्लन, याच मठाच्या शाळेत शिकलेला. त्याला पारखायला गुरुनाथराव आणि प्रभाताई थेट नाशिकहून आयर्लंडला आलेले. होकार की नकार, ते आजच ठरायचं होतं. प्रश्नांची जय्यत तयारी होती. पण सकाळी डेक्लन मठ दाखवायला लागला आणि बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले गुरुनाथराव कमानी बघण्यातच हरवून गेले. हजार वर्षांचा वाटणारा बुरूज एका हौशी जमीनदारानं दीडशे वर्षांपूर्वी बांधलेला निघाला. पुढे बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू आले आणि त्यांनी त्याच्या नाचाच्या दिवाणखान्यात पंगत बसवली. भिंती अलीकडच्या, नियम मात्र पंधराशे वर्षांचा. जेवताना काही मागायचं नाही. शेजाऱ्याला काय हवं, ते आपण बघायचं.

एक साधू उंच आसनावरून काहीतरी वाचत होता. गुरुनाथरावांना मीठ हवं होतं. मागणार कसं? तेवढ्यात समोरच्या म्हाताऱ्या साधूनं मीठदाणी पुढे सरकवली. अरेच्चा! गुरुनाथरावांना भलतीच गंमत वाटली. तेही उत्साहानं याला पाव, त्याला लोणी देत सुटले. बायकोच्या पेल्यात तर त्यांनी बर्फाचं पाणी काठोकाठ ओतलं.

प्रभाताईंनी एक घोट घेतला, डोळे घट्ट मिटले आणि पेला खाली ठेवला. डेक्लन हळूच उठला. परत आला तो गरम पाण्याचा पेला घेऊन.

बाहेर पडताच गुरुनाथरावांनी लेकीला गाठलं. “तूच पढवून ठेवलं असशील त्याला. आईला गार पाणी चालत नाही म्हणून.”

“शप्पथ नाही, बाबा! मलाच कुठं माहीत होतं? कधीपासून गं आई?”

“झाली की बरीच वर्षं. दात ठणकतात,” प्रभाताई हसून म्हणाल्या.

गुरुनाथराव पार ओशाळले. आपल्याला हे ठाऊक नसावं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. ते लपवायला त्यांनी घसा खाकरला आणि डेक्लनकडे वळले. “हं, तर मी काय विचारत होतो, तुमचा पगार...”

प्रभाताईंनी आजवर नवऱ्याचं वाक्य कधी तोडलं नव्हतं.

“अहो, ते राहू द्या,” त्या म्हणाल्या. “लग्नाची तारीख विचारा.”