गाजर गवताचा माळी

हिरवळीवर गाजर गवताचं एक पानसुद्धा उरलं नाही, हे पाहून सभापती पंजाबरावांचं तोंडच उतरलं.

उकंडराव माळी बाजूला उभा होता. शाबासकी मिळेल म्हणून त्यानं टोपी झटकून पुन्हा नीट घातली होती. आठ दिवस उकिडवा बसून त्यानं पंचायत समितीच्या कचेरीपुढचं ते सारं लॉन बोटाबोटानं पालथं घातलं होतं. दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या पोत्यांतून हे गवत आलं असं लोक म्हणत. खरंखोटं सरकार जाणे. उकंडरावाच्या हातांना कोपरापर्यंत खाज सुटली होती, तेवढी मात्र खरी होती.

अकरा वर्षं तो इथं रोजंदारीवर होता. गवत निर्मूलनाच्या मोहिमेचं काम चोख कर, तुले कायम करून देतो, असं पंजाबरावांनी मारुतीच्या पारावर चारचौघांदेखत कबूल केलं होतं. कायम होणं म्हणजे काय, ते रोज सकाळी फाटकाशी उभं राहून 'आज काम हाये का साहेब' असं विचारणाऱ्यालाच कळतं. उकंडरावाला दुसरं काही नको होतं.

"काऊन बे उकंड्या," पंजाबराव म्हणाले, "परवा नामदार साहेब येऊन राह्यले निर्मूलनाच्या उद्घाटनाले. त्यायनं उपटावं काय, तुह्यं डोस्कं?"

झालं! आवाराबाहेर तर हे गवत अजून फारसं नव्हतंच. उकंडराव कोणाची तरी बैलगाडी मागून जलंबच्या रेल्वे रुळाकडे गेला. रुळाच्या कडेनं माजलेली एकवीस झाडं त्यानं मुळाच्या मातीसकट खणली, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली आणि लॉनच्या मधोमध ओळीनं लावली. वर झारीनं पाणी घातलं.

त्याची बायको रुख्मिणी भाकर घेऊन आली ती बघतच राहिली. त्यांचं घर भाजीपाल्याचं. वाडीतलं सगळ्यात जोमाचं झाड हेरून त्याला चिंधी बांधायची, म्हणजे ते कोणी खुडत नाही, ते बियाला राहतं. खामगावच्या बाजारात त्यांची वांगी नावानिशी खपत, ती या चिंधीच्या जिवावर.

"येवढं जपून राह्यले," ती म्हणाली, "त मंग चिंधी बी बांधून टाका एक."

उकंडरावानं झारी खाली ठेवली. त्याला लाज वाटली.

परवा नामदार आलेच नाहीत. पोळा झाला की येतील, असा मुंबईहून फोन आला. पोळा झाला, बैलांचे साज चढले, उतरले, आणि मग दसऱ्याचा वायदा आला. तोवर झाडं जिवंत ठेवणं आलं. पंजाबरावांनी त्यांच्याभोवती तारेचं कुंपण घालून दिलं. बीडीओ साहेबांनी गोदामातून युरियाचं पोतं काढून दिलं. त्याच गोदामाच्या दारात त्याच युरियासाठी शेतकरी सकाळपासून रांग धरून बसले होते. पण त्यांचं कपाशीचं पीक बघायला नामदार थोडेच येणार होते!

झाडं फुलावर आली तेव्हा उकंडरावानं धीर केला. फूल आलं की बी पडेल, बी पडलं की लॉन हातचं गेलं समजा, असं त्यानं पंजाबरावांना समजावून पाहिलं. फुलं असली की फोटो चांगला येतो, असं पंजाबराव म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

दसरा होऊन आठवड्यानं नामदार आले. तोवर सारी हिरवळ पांढऱ्या फुलांनी गच्च भरून गेली होती, जणू कोणी चुरमुरे उधळलेत. नामदारांनी हाताला रुमाल गुंडाळून एक झाड उपटलं. फोटो निघाला. त्यांना दोन शिंका आल्या. मग त्यांनी चहूकडे नजर फिरवली आणि ते एकदम गंभीर झाले. कचेरीच्या दारातच ही गत, तर तालुक्यात काय हाहाकार असेल! त्यांनी तिथल्या तिथे खास माळ्याचं एक पद जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात पंजाबरावांनी वाजवल्या.

हुकूम यायला महिना लागला. तोवर उकंडरावानं पुन्हा उकिडवं बसून सारं लॉन साफ केलं होतं. भिंतीच्या कडेला पाच-सहा झाडं तेवढी उरली होती. कारकून किसनराव कागद घेऊन तिथंच आले आणि त्यांनी वाचून दाखवलं. गाजर गवत निर्मूलन माळी, नेमणूक कायम. उकंडरावाचे डोळे भरून आले. खाजऱ्या हातांनी त्यानं कागद घेतला आणि कपाळाला लावला.

किसनराव म्हणाले, खाली अजून एक ओळ आहे. तालुक्यातून सदर गवत समूळ नाहीसे होताच हे पद आपोआप रद्द समजावे.

"म्हंजे गवत सरलं का मी बी सरलो?"

"हाव. गवत हाये तोवर तू कायम."

किसनराव निघून गेले. उकंडरावानं हुकुमाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली. खुरपं हातात घेऊन तो भिंतीपाशी गेला आणि उरलेल्या झाडांकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्यानं खुरपं खाली ठेवलं, धोतराचा काठ टर्रकन फाडला आणि कंबरेएवढ्या वाढलेल्या, शेंड्यापर्यंत फुललेल्या सगळ्यात जोमाच्या झाडाला चिंधी बांधली.