मारोतीच्या नावाखाली

"म्हंजे बापाचं नाव उचललं का लेकरंबी संगंच उठतात?" रेणुकाबाईने विचारलं.

"सगळी उठतात, आजी," वनमाला म्हणाली. "नातू-पणतूसुद्धा. नावाला हेडिंग केलं की त्याच्या खालचं सगळं त्याचं."

आदिलाबादच्या बसस्टँडसमोर, माडीवरच्या डीटीपीच्या खोलीत वनमालाच्या हाताखाली कंप्युटर येऊन वर्ष झालं नव्हतं. साल अठ्ठ्याण्णव. तामसीकडचे डोमाजी घराण्याची वंशावळ छापायला आले होते. साठीचा, तुटक बोलणारा माणूस. जुनी नावं आता त्यांच्या एकट्या काकूच्या तोंडी उरली होती, म्हणून रेणुकाबाईलाही बसमध्ये घालून आणलं होतं. चैतात कुळाच्या देवापुढे सगळे भाऊबंद जमणार होते. तिथे ही वंशावळ घरोघर वाटायची. एकदा छापलं की कायमचं.

पडद्यावर सगळ्यात वर मूळपुरुष बापूजी. ते पहिलं हेडिंग. त्याखाली थोडं आत सरकून दोन मुलगे, थोरला यशवंतराव आणि धाकटा मारोती. यशवंतरावाखाली त्याचा एकुलता डोमाजी, आणि डोमाजीखाली चार मुलगे, त्यांची पोरं. यशवंतराव आणि त्याची बायको कौशल्याबाई, दोघंही वारलेली. पण कौशल्याबाईचं नाव कुठेच नव्हतं. मारोतीची विधवा रेणुकाबाई, तिचंही नव्हतं. वंशावळीत बाया नसतात. पोट बाईचं, पाटी बाप्याची. हा कायदा ज्यांनी केला ते बाईच्या पोटी आले नसावेत.

रेणुकाबाईला अक्षर येत नव्हतं. वनमालाने एक कळ दाबली. सगळं घराणं मिटलं, एकटे बापूजी उरले. पुन्हा दाबली, सगळे हजर. म्हातारीचे हात आपसूक जुळले.

"शंभर वरसाचे माणसं," ती हळूच म्हणाली. "अन् एका बोटात."

"काकूले पुना दाखवा, बाई," डोमाजी म्हणाले. "ते उचलून दुसरीकडं ठेवता ते."

वनमालाने त्यांच्या शेवटच्या मुलाला पोरांसकट पहिल्याच्या वर नेऊन दाखवलं, मग जागेवर आणलं. रेणुकाबाईने पदर तोंडावर धरला.

मग मारोतीच्या नावाखाली काय टाकायचं, असं वनमालाने विचारलं. तिथे काहीच नव्हतं. डोमाजी फरशीकडे पाहत राहिले.

"लिही पोरी," रेणुकाबाईच म्हणाली. "वंश खुंटला."

डोमाजी उठले. चहा पिऊन येतो म्हणाले आणि जिना उतरून गेले.

वनमालाला राग आला. असल्या शब्दापाशी बाईला एकटं टाकायचं आणि आपण चहा ढोसायचा. अशीच माणसं मग देवापुढे पहिल्या रांगेत उभी राहतात. तिने तो शब्द टाईप केला.

पावलं खाली पोचेपर्यंत म्हातारी जिन्याकडे कान देऊन होती. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

"डोमाजीले मारोतीखाली ठेवून दाखव न, माय. उगं पाहाले. छापू नको."

वनमालाला वाटलं, लेकरू नसलेल्या बाईची हौस. बारशाला, ओटीला जन्मभर मागे उभं केलेलं. तिने डोमाजीचं नाव धरलं आणि खाली आणून सोडलं. चार मुलगे, नातू, सगळं खटलं क्षणात मारोतीच्या घरी आलं. खुंटल्याचा शब्द तिने आपणहून पुसला.

ती एकेक नाव वाचत गेली तसे म्हातारीचे ओठ हलत गेले. खाली निर्मल गावच्या बसचा कंडक्टर निर्मल, निर्मल ओरडत होता. रेणुकाबाईला काही ऐकू येत नव्हतं. देव दिसला तर माणूस असंच पाहील. काचेला लावायला तिने बोट नेलं, आणि लावलं नाही.

मग तिची नजर वर गेली. "हे वरतं कोन, एकलं?"

"यशवंतराव. त्यांच्याखाली आता कोणी नाही."

म्हातारी मागे सरली. "थोरल्या जाऊबाईचं घर रिकामं पडलं व. नको, माय. जिथलं तिथं ठेव, डोमाजी याच्या आंधी. अन् त्याले सांगू नको."

वनमालाने सगळं परत नेलं. तो शब्दही परत टाईप केला. डोमाजी आले, उभ्यानेच पडद्याकडे पाहून छापा म्हणाले. प्रिंटर कुरकुरत कागद सोडू लागला. त्यांनी काकूला हात धरून जिना उतरवला, बसमध्ये बसवलं आणि कागद न्यायला एकटेच वर आले.

वनमालाने गठ्ठा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. एकदा जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"मी मुद्दाम एवढा वेळ खाली थांबलो, तेवढ्यात आईनं पाह्यलं का मले आपल्या पोटी?"