पहिली चार अक्षरं

पासवर्ड चुकीचा आहे, असं लॅपटॉपने सेराफिनाला तिसऱ्यांदा सांगितलं. तिने चष्मा काढला, गाऊनच्या टोकाने पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. यू, आर, बी, ए. मग नवऱ्याचं जन्मसाल, एकोणीसशे छप्पन्न. मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, पेशंटच्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. त्याखाली आणखी एक ओळ होती. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना लवकरात लवकर भेटा.

फाईल काही उघडली नाही.

अर्बन मरोळच्या बाजारात मासळी आणायला गेला होता, तासभर तरी येणार नव्हता. घरात सगळ्यांचा मिळून एकच ईमेल, तोही त्याच्या नावाचा. लाईटबिलापासून चर्चच्या पत्रकापर्यंत सगळं तिथेच यायचं. एरवी ती त्यात डोकवायचीही नाही. पण आठवडाभर घरात जे चाललं होतं ते बघून गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

चाळीस वर्षांत ज्याने स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही, तो माणूस सकाळी उठून भांडी घासत होता. तिच्या हातातून पाण्याची बादली काढून घेत होता. परवा तिने मुद्दाम त्याच्या बहिणीवरून भांडण उकरून काढलं, तर साहेब म्हणाले, "तुझंच बरोबर आहे." तेव्हा मात्र सेराफिनाचा धीर सुटला.

महिनाभर त्याचा घसा बसला होता. शेवटी हात धुऊन मागे लागून तिने त्याला हॉस्पिटलात नेलं. घशातला एक बारीक तुकडा काढून तपासायला गेला. आलाच आहात तर, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिच्याही काखेतल्या गाठीत सुई घालून नमुना घेतला. ती गाठ वर्षभर होती, दुखत नव्हती की खुपत नव्हती. तिचं सगळं लक्ष अर्बनच्या घशाकडे.

"रिपोर्ट आला का रे?" चार दिवसांपूर्वी तिने विचारलं होतं.

"आला. माझं सगळं ठीक आहे." तो खिडकीबाहेर बघत बोलला.

"मग दाखव ना."

"फाईल उघडत नाही गं."

अर्बनला खोटं बोलणं कधी जमलं नाही. बोलला की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्या लालबुंद झाल्या होत्या.

मग बुधवारी मुलगा आला. नेव्हिल वसईला राहतो, ख्रिसमसलासुद्धा घड्याळ बघत येणारा पोरगा, तो आठवड्याच्या मध्येच रजा टाकून आला. बापलेक मागच्या दारी कुजबुजत बसले आणि ती चहा घेऊन गेली की गप्प झाले. निघताना तिने त्याला फाटकात अडवलं.

"डॅडींना काय झालंय, नेव्हिल?"

"डॅडींना काही नाही, मम्मी. शप्पथ." त्याने तिला घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही.

"आणि रिपोर्ट?"

"फाईल खराब आली असेल. मी बघतो."

बँकेत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा पोरगा, आणि म्हणे एक फाईल उघडत नाही! आज सकाळी कपडे धुवायला काढताना अर्बनच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी सापडली. सोमवार, सकाळी आठ, परळ. परळ म्हणजे कॅन्सरचं हॉस्पिटल, मुंबईत कुणाला पुढचं विचारावं लागत नाही. चिठ्ठी तिने होती तशी परत खिशात ठेवली आणि शर्ट धुतलाच नाही.

शाळेच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई होती ती. हार मानणाऱ्यांतली नव्हती. लॅपटॉप बंद करून चालू केला. फाईल पुन्हा उतरवली. अक्षरं लहान टाकली, मोठी टाकली. आधार कार्डावर अर्बनचं साल चुकून सत्तावन्न पडलं होतं, तेही टाकून पाहिलं. प्रत्येक वेळी तोच लाल शब्द. शेवटी तिला अर्बनचाच राग आला. एवढं मोठं दुखणं एकट्याने उरावर घेऊन हा भांडी घासतोय! फाईल उघडली की त्याच्यासमोर ठेवायची आणि म्हणायचं, मला सगळं कळलंय, आता लपवू नकोस, सोमवारी आपण दोघं जाऊ. त्याच्याशिवाय राहायची कल्पना तिला करवत नव्हती. देवा, त्याला नको, ती पुटपुटली. घ्यायचंच असेल तर दुसरं काहीही घे.

मग मेलच्या तळाशी असलेल्या नंबरवर तिने फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं आणि एका मुलीने उचलला.

"रिपोर्टचा नंबर सांगा, मॅडम."

सेराफिनाने एकेक आकडा वाचून दाखवला.

"फाईल बरोबर आहे, मॅडम. आत्ताच चेक केली. पासवर्ड काय टाकताय?"

"यू आर बी ए. अर्बन. माझे मिस्टर."

पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. मुलीने रेकॉर्ड काढून बघितलं.

"अर्बन म्हणजे ज्यांचा ईमेल दिलाय ते, मॅडम," ती म्हणाली. "पेशंटचं नाव सेराफिना आहे. तुम्ही त्यांच्या कोण?"