भरदुपारी धूमकेतू

"विश्वाचा पसारा अनंत आहे आणि त्यात माणूस म्हणजे धुळीचा एक कण," असं हिंमतराव म्हणाले. त्या वेळी ते विहिरीच्या तोंडावर, गाळ काढायच्या टोपल्यात मांडी घालून बसले होते.

"दाजी, कण जरा मधोमध बसवा," त्यांचा मेव्हणा रंगराव काठावरून म्हणाला. "टोपलं कलून राह्यलं."

बैल मागं मागं सरकले, चाक कुरकुरलं, आणि हिंमतराव आपल्याच मळ्यातल्या, पावसाअभावी आटलेल्या विहिरीच्या तळाशी जाऊन टेकले.

नवं मराठी राज्य होऊन पाच वर्षं झाली होती. त्या दिवाळीच्या तोंडावर एक धूमकेतू सूर्याच्या इतका जवळ आला होता, की भरदिवसा दिसेल, असं पेपरात छापून आलं होतं. धाडच्या पंचक्रोशीत तारे बघणारा माणूस एकटे हिंमतराव. पहाटे घराच्या धाब्यावर पडून उल्का मोजायच्या आणि दिवसा भेटेल त्याला त्यांचा हिशेब सांगायचा, हा त्यांचा नेम. पण विहिरीच्या तळातून दिवसा तारे दिसतात, हे ज्ञान त्यांना रंगरावानं दिलं होतं. ज्या रंगरावाला आजवर शुक्राची चांदणी आणि एस.टी.चा दिवा यांतला फरक कळला नव्हता, त्याची ही प्रगती पाहून हिंमतरावांना भरून आलं होतं.

बायकोनंही आडकाठी केली नाही. उलट सत्यभामाबाईंनी पिठलं-भाकरी बांधून दिली, पाण्याचा तांब्या दिला, वर घोंगडीही दिली. दुपारच्या कामाला घोंगडी कशाला, हे विचारायचं हिंमतरावांना सुचलं नाही.

खरं तर आजचा दिवस असल्या कामाचा नव्हता. उन्हं उतरायच्या आत डोणगावचे पाहुणे त्यांच्या मुलीला, कोकिळेला पाहायला यायचे होते. याआधी दोन स्थळं हातची गेली होती. पिंपळगाव राजा या गावच्या पाहुण्यांनी कुंडलीतल्या मंगळाचा विषय काढला, तेव्हा हिंमतरावांनी मंगळ म्हणजे नुसता दगडधोंडा आहे, तो कोणाचं काय वाकडं करणार, हे इतकं सविस्तर सांगितलं, की पाहुणे चहा न घेताच उठले. दुसऱ्या स्थळाच्या आजोबांची ध्रुव बघता बघता मान धरली, ती तशीच घेऊन ते गावी गेले.

हे तिसरं. आणि हा मुलगा कोकिळेनं चुलतबहिणीच्या लग्नात पाहिला होता. तो तिला आवडला होता. सकाळी बापाच्या हातात चहा देताना ती खाली बघत म्हणाली होती, "बाबा, आज फक्त मान डोलवून हाव म्हणा. दुसरं काही बोलू नका."

हिंमतरावांनी शब्द दिला होता. मुलीचा बाप घरात नसला तर पाहुणे चहाला हात लावत नाहीत आणि सुपारी फुटत नाही. सुपारी फुटली नाही म्हणजे सोयरीक झाली नाही. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. धूमकेतू पाहायचा आणि पाहुण्यांच्या आधी घरी पोचायचं, असा बेत होता.

बैलांना पाणी पाजून येतो, असं सांगून रंगराव गेला. दोर उंदीर कुरतडतात म्हणून टोपलंही वर ओढून गेला.

हिंमतरावांनी वर पाहिलं. परातीएवढं निळं आभाळ होतं. त्यात एकही तारा नव्हता. दोन पारवे आले, कपारीत बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

त्यांनी भाकरी खाल्ली. मग "हाव" म्हणायचा सराव केला. विहिरीनंही दर वेळी "हाव" म्हटलं.

उन्हाचा कवडसा भिंतीवर चढत गेला. रंगराव येईना. हाका मारल्या, पण त्या दिवशी धाडचा बाजार; शिवारात चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात फाट्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला आणि हिंमतराव उठून उभे राहिले. पाहुणे उतरले असतील. आता ओसरीवर बसले असतील. मुलीचे वडील कुठं, असं विचारत असतील. आणि घरातले काय सांगणार, विहिरीत आहेत म्हणून?

दगडांच्या सांध्यात बोटं रोवून ते वर चढायला लागले. पुरुषभर चढले आणि धोतर फाडून घेऊन खाली आले. पुन्हा चढले, पुन्हा आले. मग ते घोंगडीवर बसले. पोरगी आत चहाचं ताट धरून उभी असेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. यापुढे जन्मात मान वर करणार नाही, असं ते पारव्यांच्या साक्षीनं म्हणाले, आणि या खेपेला खरंच म्हणाले.

एवढ्यात चाक कुरकुरलं.

विहिरीचं तोंड झाकलं जाऊन अंधारून आलं. टोपलं खाली येत होतं. हिंमतरावांनी झटकन पटका बांधला, फाटकं धोतर झाकलं. अजून वेळ गेली नसेल.

टोपल्यात माणूस होता. नवं कोरं धोतर, कपाळाला ताजा कुंकवाचा टिळा, मान वर.

"कोण?" हिंमतरावांनी विचारलं.

"उकंडराव. डोणगाव. पोराचा बाप," तो माणूस मान खाली न आणता म्हणाला. मग त्यानं सांगितलं, की चहा आला तेव्हा तो गुरूच्या चंद्रांविषयी बोलत होता. तिसऱ्या चंद्रावर आला, तेवढ्यात पोरीचे मामा म्हणाले, आमच्या विहिरीतून दिवसा तारे दिसतात. "आमची मंडळी एरवी मले अंगणातही उभं राहू देत नाही. आज म्हणे, जा ना, आरामानं पाहून या."

"अन् सुपारी?"

"बायांनी फोडली. मी निघालो तं साखर वाटून राह्यल्या होत्या."

रिकामं टोपलं हेलकावे खात वर निघून गेलं. उकंडरावांनी घोंगडी ओढून घेतली, तिच्यावर ऐसपैस उताणे पडले आणि डोळे बारीक केले.

"इवाई, जरा बसून घेता का?" ते आपल्या नव्या व्याह्यांना म्हणाले. "तुमच्या डोक्यानं आभाळ झाकून राह्यलं."