निळं कार्ड

पिंजऱ्यांच्या डाव्या मांडणीवरचं निळं कार्ड काढून काकांनी ते उजव्या मांडणीला अडकवलं. उजवीकडचं पांढरं डावीकडे आणलं. मग हात पुसले, बादली उचलली आणि ते बाहेर पडले.

काचेच्या दाराआड उभ्या असलेल्या तपासनीस बाईंनी हे सगळं पाहिलं.

निळं कार्ड म्हणजे ज्यांच्या खाण्यात नवं एन्झाइम मिसळायचं ते वीस उंदीर. पांढरं म्हणजे साधं खाणं मिळणारे वीस. एन्झाइम बुरशीपासून काढलेलं होतं. पिठात चिमूटभर घातलं की पाव आठवडाभर मऊ राहतो. नव्वद दिवसांत दोन गटांत फरक दिसला, तर माल नापास. नाही दिसला, तर तो पाव मुलांच्या डब्यांपर्यंत जाणार होता, आणि ते ठरणार होतं बाईंच्या सहीवर.

गेल्या वर्षी एका अहवालावर त्यांनी विश्वासानं सही केली होती. पुढे चाळीस मुलं आजारी पडली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. बाई तर आता पाणीसुद्धा फुंकत होत्या.

"एवढ्या सकाळी मॅडम?" बाहेर काकांनी विचारलं.

"सहज. तुमचं चालू द्या."

"इथलं झालं माझं. अजून नऊ खोल्यांचे पिंजरे धुवायचेत."

काका फक्त सोमवारी या खोलीत यायचे. निवृत्तीला चार महिने उरलेले, अगदी गरीब गाय वाटावा असा माणूस. पण त्यांचा जावई त्याच एन्झाइमच्या कंपनीत होता. आणि परवाच जिन्यात काका त्याच्याशी फोनवर बोलताना बाईंनी ऐकलं होतं, "तुझं काम झालंच समज. कोणाला पत्ता लागायचा नाही."

पुराव्याशिवाय तोंड उघडावं, तर आपलंच हसं व्हायचं. बाई आत गेल्या. उंदीर सगळे पांढरे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. त्यांच्याकडे पाहून काय कळणार? बाईंनी दोन्ही कार्डं गपचूप जागच्या जागी लावली. खाणं भरणारी माणसं कार्डच बघायची, तेव्हा एवढं पुरेसं होतं.

पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. काका फिरवून गेले की बाई पूर्ववत करायच्या. त्यांना काकांची चीड यायची, आणि नमस्कार करताना तोंडदेखलं हसावं लागायचं याची त्याहून जास्त.

तीन महिने असेच गेले. अधूनमधून काही उंदीर मलूल दिसले, पण दोन्हीकडे सारखेच. हवा बदलली होती, बाईंनी तशी नोंद केली. शेवटी वजनं, रक्त, यकृत, सगळं तपासलं. दोन गटांत काडीचाही फरक नव्हता.

बाईंनी सही केली. माल मुळातच चांगला निघाला, म्हाताऱ्याची लबाडी फुकट गेली, आणि आपण मात्र डोळ्यांत तेल घालून राखण केली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना शांत झोप लागली.

महिन्याभरात तो पाव दुकानादुकानांत आला.

काकांच्या निरोपाला जावई आला होता. हातावर रंगाचे डाग. "बायकोला थांगपत्ता लागू न देता आम्ही दोघांनी बाळाची खोली रंगवली," तो कौतुकानं सांगत होता. "सगळं काकांच्या जिवावर."

म्हणजे फोनवरचं ते 'काम' हे होतं! बाईंनी काकांना बाजूला घेतलं.

"काका, जाताजाता खरं सांगा. त्या खोलीतली कार्डं दर सोमवारी का बदलायचात? मी पाहायची. दर वेळी परत लावायची."

काकांचं हसू मावळलं.

"परत लावायचात? नुसती कार्डं?"

"हो."

"अहो मॅडम, खिडकीचा वारा एकाच गटाला लागू नये म्हणून पिंजरे धुतले की डावीकडचे उंदीर मी उजवीकडे ठेवायचो, उजवीकडचे डावीकडे. कार्डं त्यांच्या मागोमाग न्यायचो." त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. "म्हणजे ते निळ्या कार्डाचं खाणं आळीपाळीनं सगळ्यांनीच खाल्लं की हो!"